पाचर आणि पट्टी

दुपारी जेवण झालं की मी वामकुक्षीच्या नावाखाली फोन घेऊन आडवा होतो. परवा त्यात पिकल्या दाढीचा एक अमेरिकन गृहस्थ भेटला. टेबलावर जुना टॉवेल पसरून त्याने १८५१ च्या कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हरची नक्कल मांडली होती. नळीच्या बाजूला एक इवलीशी पोलादी पाचर. ती त्याने हलकेच ठोकून सरकवली, नळी पुढे ओढली, गोळ्यांचा फिरता सिलिंडर काढून तळहातावर घेतला. संपलं! ना स्क्रू, ना पाना. मी उठूनच बसलो.

हत्यारांचं मला फारसं कौतुक नाही, पण खोलता येणारी वस्तू दिसली की हात शिवशिवतात. दिवाळीत टिकल्यांचं पत्र्याचं पिस्तूल आणलं की पाडव्यापर्यंत त्याची दोन शकलं झालेली असायची. टिकल्यांचं लाल रीळ आत अडकायचं, घोडा नुसताच खट्ट करायचा, मग आईच्या शिलाई मशीनच्या खणातला छोटा स्क्रूड्रायव्हर बाहेर निघायचा. स्प्रिंग उडून पलंगाखाली जायची ती जायचीच. बोटांना दारूचा वास, आणि फराळाला तसेच हात.

आमच्या त्या पिस्तुलाचं दुखणं कोल्टलाही होतं, हे कळून बरं वाटलं. ही सगळी ठासणीची रिव्हॉल्व्हरं. सिलिंडरच्या प्रत्येक घरात पुढून काळी दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठासायची, मागे निपलवर, म्हणजे इवल्या पोकळ बोंडावर, ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवायची. बार उडाला की फुटलेल्या टोपीचा तुकडा घोड्याच्या फटीतून आत पडतो आणि सगळं यंत्र अडून बसतं.

आता मजबुतीचा वाद: कोल्ट की त्याची प्रतिस्पर्धी कंपनी रेमिंग्टन? कोल्टचा माथा उघडा. सिलिंडरच्या वरून काहीच जात नाही. नळी आणि सांगाडा यांना एकत्र धरतो तो सिलिंडरच्या मधून जाणारा जाड कणा आणि ती पाचर. रेमिंग्टनने वरून पोलादी पट्टी घेतली, सांगाडा चारी बाजूंनी बंद. त्याच्या नळीवर १४ सप्टेंबर १८५८ ही पेटंटची तारीख असते म्हणून सगळे त्याला अठराशे अठ्ठावन्नचं म्हणतात. प्रत्यक्षात ते गाजलं अमेरिकेच्या यादवी युद्धात. नेम धरायची खाच त्या पट्टीतच कोरलेली, पक्की. कोल्टची मागची खाच घोड्याच्या नाकावर! घोडा चढवला तरच दिसणार. कागदावर हा सामना केव्हाच निकाली निघालाय.

पण काळी दारू काजळी फार धरते. रेमिंग्टनच्या सिलिंडरचा बारीक आस थोडे बार झाले की जखडायला लागतो. कोल्टच्या कण्यावर खाचा असतात, त्यांत चरबी साठून राहते आणि सिलिंडर आपला फिरत राहतो. आणि कोल्टचंच १८४७ चं वॉकर? दोन किलोचं धूड, एकेका घरात ६० ग्रेन दारू, म्हणजे जवळजवळ चार ग्रॅम. त्याचे सिलिंडरच फुटायचे. तिथे माथ्यावर पट्टी असती तरी काय करणार होती? तेव्हाचं लोखंडच तेवढं सोसणारं नव्हतं.

मी अर्थातच कोल्टच्या बाजूचा. त्या नेव्हीच्या सिलिंडरवर टेक्सास आणि मेक्सिकोची १८४३ ची नाविक लढाई कोरलेली असते. जिथे काजळीच बसायची तिथे जहाजं कोरणाऱ्याला काय म्हणावं! पण माझ्या मताला कोण विचारतो. लष्कराने हट्ट धरला आणि १८७३ च्या काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरवर कोल्टने निमूटपणे पट्टी घातली.

तिकडे लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात कोल्टसमोर रॉबर्ट ॲडम्सचं रिव्हॉल्व्हर उभं होतं, नळी आणि सांगाडा एकाच तुकड्यातून घडवलेलं. सहा वर्षांनी ही दोन्ही आपल्याकडे इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला होती. तेव्हा वाद रंगला तो गोळीवरून. कोल्टची ०.३६ इंचाची गोळी अंगावर धावून येणाऱ्या शिपायाला थोपवत नाही, ॲडम्सची जाड गोळी थोपवते, असं म्हणणारे बरेच होते. धावून येणारा तो शिपाई अवधचा असेल, नाहीतर कोल्हापुरात उठलेल्या २७ व्या पलटणीतला.