गवत कापलं, पण ओव्हन मिळेना

एमएस्सीच्या डिझर्टेशनला मला विषय मिळाला निव्वळ प्राथमिक उत्पादकतेचा. एक तलाव आणि एक गवताळ पडीत, दोन्हीकडे मोजायची. वनस्पतींनी उन्हावर जेवढं अन्न तयार केलं, त्यातून त्यांनी स्वतःच्या श्वसनात जाळलेलं वजा केलं की उरतं ते निव्वळ. मला वाटलं होतं, आपण पाण्यात अडकणार. अडकले ते भिंतीवरच्या एका बटणापाशी.

तलावाचं आधी उरकते, कारण नागपुरातल्या फुटाळा तलावाचं काम एका सकाळीत झालं. वनस्पती अन्न तयार करताना ऑक्सिजन सोडतात आणि श्वसनात तो वापरतात, म्हणून पाण्यात ऑक्सिजनच मोजायचा. ३०० मिलीच्या तीन बाटल्या एकाच पाण्याने भरायच्या. एकीतला ऑक्सिजन तिथेच काठावर रसायनं टाकून बांधायचा. एक पारदर्शक आणि एक काळी अशा दोन बाटल्या दोरीला बांधून पाण्यात सोडायच्या. गार्डर आणि ग्रान यांची १९२७ची पद्धत, अजून तशीच चालते. चार तासांनी माझे ऑक्सिजनचे आकडे आले: सुरुवातीला ६.८, उजेडातल्या बाटलीत ८.६, अंधारातल्या बाटलीत ५.९ मिलिग्रॅम प्रति लिटर. उजेडातून सुरुवात वजा केली की निव्वळ १.८, सुरुवातीतून अंधार वजा केला की श्वसन ०.९. बाटलीत नुसतं शेवाळ नसतं, जिवाणू आणि बारीक प्राणीही श्वास घेत असतात; म्हणून हे 'निव्वळ' सगळ्या वस्तीचं असतं. वायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हे विचारतातच. काळ्या बाटलीला काळी टेप लावून वर फॉइल गुंडाळा, आणि बूच लावताना आत एकही बुडबुडा राहू देऊ नका.

पाण्यात चार तास पुरतात आणि गवताला सगळा पावसाळा लागतो, त्याचं कारण मजेशीर आहे. १९९८ साली आलेल्या एका गाजलेल्या अंदाजानुसार जगाच्या जमिनीवर वर्षाला ५६.४ अब्ज टन कार्बन निव्वळ बांधला जातो आणि समुद्रात ४८.५. जवळजवळ निम्मं-निम्मं. पण वनस्पतींचं एकूण वजन पाहिलं तर समुद्राचा वाटा एक टक्काही नाही. तिथलं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारं बारीक शेवाळ, आज वाढतं आणि दोन-चार दिवसांत कुणाच्या तरी पोटात जातं, साठत नाही. गवत साठतं. म्हणून ते कापायचं, वाळवायचं आणि तोलायचं.

वाळवायचं! माझ्या घोड्याने इथेच पेंड खाल्ली.

हिंगण्याकडे मामाची पडीत जमीन आहे. जूनमध्ये तिथे अर्ध्या मीटरच्या चौकटी आखून साफ करून ठेवल्या होत्या, म्हणजे सुरुवात शून्य. सप्टेंबरअखेर कुसळी गवत कमरेला लागलं आणि मी विळा घेऊन बसले. सलवारीतून कुसळं काढायला मामीला संध्याकाळ लागली. (जाडी जीन्स घालून जा.) बारा कागदी पिशव्या घेऊन डिपार्टमेंटला आले, तर आमच्या ओव्हनचा थर्मोस्टॅट गेलेला. शेजारच्या विभागात चालू ओव्हन होता. त्यांनी दिला, पण साडेपाचला मेन स्विच बंद. कुठे तरी पूर्वी शॉर्टसर्किट झालं होतं, तेव्हापासून रात्री तापणारं कुठलंही यंत्र चालू ठेवायचं नाही असं परिपत्रक.

गवत ८० अंशांवर सलग ठेवावं लागतं, लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत. कापलेलं गवत लगेच मरत नाही, पिशवीतही ते श्वास घेत असतं आणि जे मोजायचं तेच जाळत असतं. माझ्या एका पिशवीचं वजन संध्याकाळी ९६ ग्रॅम होतं, सकाळी ९८. बंद ओव्हनमधली वाफ परत कागदात मुरलेली. त्यात शनिवार-रविवार आले. सोमवारी दार उघडलं तर उकडलेल्या मेथीसारखा वास आणि पिशव्यांच्या तळाशी पांढरी बुरशी. बाराच्या बारा फेकल्या.

मग अर्ज. गाइडची सही, आमच्या हेडची सही, त्यांच्या हेडची सही, इथवर दोन दिवस. तिथून विद्युत विभाग. ते म्हणाले, सिक्युरिटीचं पत्र आणा. सिक्युरिटीवाले म्हणाले, विद्युतचं ना-हरकत आणा, मग देतो. एका टेबलावर बाबू मला म्हणाले, "मॅडम, गवतच आहे ना? उन्हात टाका, नागपुरात उन्हाची काय कमी?" त्यांना हवेतली आर्द्रता समजावत बसले, हा माझा मूर्खपणा. मधे दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या.

सुटलं ते चौकीदारकाकांमुळे. म्हणाले, "ताई, कागद कायले फिरवून राहिली? वायरमन सकाळी चहाले येते टपरीवर, त्यालेच आण ना." आणला. त्याने एमसीबी (जादा लोड आला की पडणारा स्विच) पाहिला, वायरला हात लावून पाहिला, अर्जाच्या मागेच 'लोड ठीक, हरकत नाही' लिहून सही ठोकली. चार मिनिटं. कामाचे अकरा दिवस मी या चार मिनिटांसाठी घालवले होते, आणि आजही त्या जिन्यावरून जाताना माझं डोकं तापतं.

नोव्हेंबरात बाजूच्या राखीव चौकटी कापल्या. एका पिशवीतल्या गवताची लागोपाठ वजनं आली ६४.९, ६१.८, ६१.२ आणि पुन्हा ६१.२. तो दुसरा ६१.२ दिसला तेव्हा मी काकांना तर्री-पोहे खाऊ घातले. चौकट पाव चौरस मीटरची, म्हणून चारने गुणून २४४.८ ग्रॅम, त्याचा साधारण ४५ टक्के कार्बन धरला की ११० ग्रॅम. पण तोवर कुसळं झडली होती, खालची पानं गळून कुजायला लागली होती. गळलेलं वेचून मिळवलं तरी सगळं हाती येत नाही. सप्टेंबरचा भर हुकला तो हुकलाच. मुळांसाठी एक फूट खोल खणून माती चाळणीत धुतली. मामीच्या मोरीत अजून गाळ निघतो म्हणे.

वायवाला बाहेरून आलेल्या सरांनी बरोबर तेच विचारलं, सप्टेंबरचा नमुना कुठे आहे? मी म्हटलं, सर, ओव्हन रात्री बंद असायचा. ते चष्मा पुसत म्हणाले, "आमच्याकडेही असतो," आणि पान उलटलं.

तेव्हा विळ्याला धार लावायच्या आधी ओव्हनची रात्रीची परवानगी लेखी हातात घ्या, आणि वायरमन कुठल्या टपरीवर येतो ते विचारून ठेवा. हो, रिकाम्या पिशव्यांचं वजन आधीच करून त्यांच्यावर पेन्सिलने लिहा. माझी पेनाची शाई ओव्हनमध्ये उडाली. माझ्या तीन पिशव्या कुठल्या चौकटीच्या, ते मला आजही सांगता येणार नाही.