ढगळ खुर्ची

पहिल्या व्हीलचेअरमध्ये मी सात महिने काढले. त्या सात महिन्यांत एकदाही माझ्या मनात आलं नाही की चूक खुर्चीची असू शकेल.

जिन्यावरून पडले, पाठीचा बारावा मणका मोडला, मज्जारज्जूला इजा झाली आणि कमरेखालचं सगळं मुकं झालं. एवढं घडल्यावर खुर्चीकडे कोण बघतं? डिस्चार्जच्या दिवशी ती खोलीच्या दारात येऊन थांबली होती. स्टीलची, घडीची, काळ्या रेक्झिनची. दोघांनी मला उचलून तिच्यात ठेवलं आणि आम्ही घरी आलो. कुणी माप घेतलं नाही, मीही विचारलं नाही. चपलेचा नंबर विचारतात, पण खुर्चीलाही माप असतं हे कुणाला माहीत असतं?

मग रोजचं सुरू झालं. दहा मिनिटं चाकं ढकलली की खांदे भरून यायचे. बसल्या बसल्या मी एका कुशीवर कलायचे. अर्ध्या तासाने पुढे घसरलेली असायचे आणि कुणीतरी काखेत हात घालून मला वर ओढायचं. दंडाच्या आतल्या बाजूला काळेनिळे वळ. मी म्हणायचे, पोटाचे स्नायू गेलेत, आता हे असंच. घरचेही तेच म्हणायचे, प्रेमाने. तपासणीला गेले की एक्स-रे बघायचे, लघवीचा रिपोर्ट बघायचे. ज्या वस्तूवर मी रोज दहा-दहा तास बसत होते, तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

शेवटी माकडहाडानेच तोंड उघडलं. संवेदना नसलेल्या कातडीची रोज सकाळ-संध्याकाळ आरशाने पाहणी करायची, हे मला शिकवलं होतं. लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचं. बोट काढल्यावर तो क्षणभर पांढरा पडून परत लाल झाला तर ठीक, पण पांढरा पडलाच नाही तर धोका, त्यावर अजिबात बसायचं नाही. चार दिवस कंटाळा केला. पाचव्या दिवशी आरसा धरला तेव्हा तिथली कातडी निघालेली होती. मग पाच आठवडे पालथं पडून राहणं. जेवण पालथं, फोन पालथा, रडणंही पालथं.

त्या पाच आठवड्यांत फिजिओथेरपीच्या मॅडमनी विचारलं, "तुम्ही व्हीलचेअर वापरणाऱ्या दुसऱ्या एखाद्या बाईशी कधी बोललाय का?" मी नाही म्हणाले. का नाही, हे सांगितलं नाही. खरं कारण असं होतं की मला ती बाई बघायचीच नव्हती. तिला बघितलं म्हणजे आपण पुढे कोण होणार ते बघितलं. वॉर्डात असतानाही समोरच्या कॉटवरच्या मुलीकडे मी पाठ करून झोपायचे.

मॅडमनी तरी पाठवलंच. ताई आली ती दारातून सरळ आत, कुणी न ढकलता. उंबऱ्यापाशी पुढची छोटी चाकं जराशी उचलली आणि आली. अठरा वर्षं चाकांवर होती. मी कशी आहे, कशी पडले, काही विचारलं नाही. भिंतीला टेकवलेल्या माझ्या खुर्चीकडे बघून म्हणाली,

"ही कुणाची?"

"माझी."

"एकटीची? मला वाटलं, दोघी-तिघींत मिळून आहे."

सात महिन्यांत मी पहिल्यांदा हसले ते त्या वेळी. राग पण आला, ते वेगळं.

जखम भरल्यावर मॅडमच्या परवानगीने मी दहा मिनिटं खुर्चीत बसले, तेव्हा ताई शेजारी येऊन थांबली. माझ्या मांडीच्या आणि खुर्चीच्या बाजूच्या पत्र्याच्या मधे तिने हात घातला. "इथे उभा तळहात कसाबसा सरकायला हवा. तुझ्याकडे तीन बोटं आडवी मावतायत, दोन्हीकडे. म्हणून तू कलतेस. चाकं लांब पडतात म्हणून हात फाकवून ढकलतेस, म्हणून खांदे दुखतात." मग गुडघ्याच्या मागे बोट घातलं, ते जाईचना. "अन् बैठक लांब झालीय. कड गुडघ्यामागे टोचते, म्हणून पाठ टेकत नाही. पाठ टेकत नाही म्हणून पुढे घसरतेस आणि माकडहाडावर बसतेस. जखम तिथेच झाली ना?"

जखम तिथेच झाली होती. मी तिला तोवर दाखवलीही नव्हती.

नंतर मॅडमनी टेपने मापं घेतली तेव्हा आकडे समोर आले. बसल्यावर माझ्या कंबरेची रुंदी 36 सेंटिमीटर, खुर्चीच्या बैठकीची 46. पार्श्वभागाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागपर्यंत 43, आणि बैठकीची खोलीही 43. गुडघ्यामागे 3 ते 6 सेंटिमीटर मोकळी जागा लागते, इथे शून्य. मी आकडे वहीत लिहिले आणि कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. सात महिने मी स्वतःला जे जे बोलले होते ते सगळं या दहा सेंटिमीटरमध्ये मावत होतं.

मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली साध्या, हाताने चालवायच्या व्हीलचेअरबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या आहेत. नाव नोंदवणं, तपासणी, कुठली खुर्ची ते ठरवणं, पैशांची सोय आणि मागणी, खुर्ची तयार करणं, अंगाला बसते का ते बघणं, वापरायचं शिक्षण, आणि मग देखभाल-दुरुस्ती. माझी पहिली खुर्ची यातली बहुतेक पायऱ्या ओलांडून थेट दारात आली होती. जिना न चढता वर पोचलेली एकटी तीच.

दुसरी खुर्ची मिळवायला साडेचार महिने लागले. अर्ज, सह्या, झेरॉक्स, परत सह्या, त्याबद्दल काय सांगायचं. एकच प्रसंग सांगते. मापं पक्की करायला पुरवठादाराचा माणूस आला आणि माझ्या भावाशी बोलायला लागला. "यांचं वजन किती? यांना रंग कुठला हवा?" मी समोर बसलेली. ताईने आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवलं होतं: "तो भावाशी बोलेल. भाऊ उत्तर देईल, बिचाऱ्याला सवय झालीय. तू भावाला पाणी आणायला पाठव." मी पाठवलं. भाऊ आत गेल्यावर त्या माणसाला माझ्याशीच बोलावं लागलं, आणि बोलता बोलता कळलं की त्याला काम छान येत होतं. 46 ऐवजी 36, खोली 39, पाठ खांद्याच्या हाडांच्या खाली संपणारी म्हणजे हात मागे मोकळे जातील. पायाचे टेकू इतक्या उंचीवर की मांडी बैठकीवर सपाट बसेल. त्यानेच विचारलं, मागच्या चाकाचा आस किती पुढे घ्यायचा? आस पुढे आला की खुर्ची हलकी चालते आणि चटकन वळते, पण मागे उलटायचा धोका वाढतो. मी म्हणाले, आधी मागे ठेवा, शिकले की पुढे घेऊ. हे वाक्यही ताईचंच.

खुर्ची आली तेव्हा मॅडमनी उशीची परीक्षा घेतली. बसल्यावर पार्श्वभागाची दोन हाडं जिथे टेकतात तिथे त्या उशीवर, हाडाच्या खाली त्यांनी बोटं सरकवली. बोटांची टोकं अर्धा सेंटिमीटर तरी वरखाली हलली पाहिजेत. हलत नसून नुसती सरकत असतील तर सावध, आणि चिमटल्यासारखी अडकली तर ती उशी बाद. पहिली उशी बाद झाली. मऊ होती, हात दाबून बघितला तर कापसासारखी, पण माझ्या वजनाखाली तळाला जात होती. मऊ म्हणजे चांगली हा गैरसमज तिथेच संपला. आणि उशी कितीही चांगली असली तरी दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे मांड्यांवर वाकून किंवा एकेका बाजूला झुकून भार हलका करायचा, हे सुटत नाही. मी मोबाईलवर गजर लावला होता. आता नाही लागत, सिनेमा बघतानाही आपोआप वाकते. मागच्या रांगेतल्यांना वाटत असेल, बाईचं काहीतरी सारखं खाली पडतंय.

चालवायला शिकणं हा खरा मजेचा भाग. मागच्या चाकांना बाहेरून हाताने धरायची रिंग असते, ती मी छोटे छोटे धक्के देऊन ढकलायचे. मॅडम म्हणाल्या, लांब आणि संथ ढकला, मग हात सोडून रिंगच्या खालून मागे आणा. कमी धक्के, खांद्यांना कमी त्रास. मग पुढची चाकं उचलून मागच्या दोन चाकांवर तोल धरणं. मॅडम खुर्चीला पट्टा बांधून मागे उभ्या. भीती अशी वाटायची की हात घामाने निसटायचे. ताई समोर बसून सूचना देत होती, पण तोलाच्या नाही, पडण्याच्या. "मागे गेलीस तर हनुवटी छातीला लाव. एक हात गुडघ्यांवर आडवा धर, नाहीतर स्वतःचेच गुडघे तोंडावर येतात. माझा दात असाच गेलाय." तो तुटलेला दात तिने दाखवला. दोनदा पडले, गादीवर. तिसऱ्यांदा चार सेकंद तोल राहिला.

ताईला खुर्च्यांचा इतिहास पाठ आहे, आणि संधी मिळाली की ती तो सांगते. खाणीतल्या अपघातात पाठ मोडलेल्या हर्बर्ट एव्हरेस्टने हॅरी जेनिंग्ज या इंजिनिअर मित्राबरोबर 1933 मध्ये मोटारीत मावणारी घडीची खुर्ची बनवली. माझी ती काळी खुर्ची त्याच वंशातली. पुढे 1978 मध्ये हँग ग्लायडिंग, म्हणजे मोठ्या पंखाला लटकून उडण्याचा खेळ, करताना पडून मॅरिलिन हॅमिल्टन खुर्चीवर आली. तिला ती जड खुर्ची सोसेना. तिने ग्लायडर बनवणाऱ्या मित्रांना सांगितलं की तुमच्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांची मला खुर्ची करून द्या. "बसणारीला विचारलं की वजन उतरतं," ताई म्हणते. हे ती खुर्चीबद्दल म्हणते असं मी आपलं धरून चालते.

बाकी जे ताईने दिलं ते कुठल्याही पायरीत बसत नाही. मागे खिसे असलेली पँट घालायची नाही, शिवण आणि बटण कातडीत रुततं. संध्याकाळी पाय सुजतात, बूट अर्धा नंबर मोठा घे. गरम भांडं, गरम लॅपटॉप मांडीवर कधीच नाही, भाजलेलं कळणार नाही. कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालायला मी सहा-सहा महिने आरसा वापरत होते, बाहेर कुठे गेलं की आरसा धरायला तिसरा हात कुठून आणायचा? तिने बोटाने जागा ओळखायला शिकवलं, दार बंद करून, अर्धा तास, दोघी हसून हसून बेजार. नर्सनेही शिकवलं असतं कदाचित. पण नर्सला मी "पाळीच्या दिवसांत काय करू?" असं विचारलं नसतं. आणि नवऱ्याबद्दलचं तर नाहीच.

औषधाचं मात्र ती कधी सांगत नाही. "ते डॉक्टरला विचार, मी फक्त बसते." आमचा गट महिन्यातून एकदा जमतो, सहा-सात जण. त्यात एक काका आहेत, त्यांच्याकडे दर महिन्याला चालायला लावणारा नवा तेलाचा प्रकार असतो. ताई त्यांना बोलू देते, आणि नंतर नव्या माणसाला बाजूला घेऊन तळहाताची परीक्षा शिकवते. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्कांच्या करारात, कलम 26 मध्ये, पुनर्वसनासाठी एकमेकांच्या आधाराचा स्पष्ट उल्लेख आहे. हे मला मॅडमनी वाचून दाखवलं. ताईला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं लिहिलं. आता चहाच्या आधी तुझा ब्रेक बघू, ढिला वाटतोय."

तिला मी कधी तुम्हीवरून तू म्हणायला लागले ते आठवत नाही. बहुधा त्या आरशाच्या दिवशी.

एका गोष्टीवर आमचं अजून जमलेलं नाही. खुर्चीच्या पाठीच्या दांड्या. ताईच्या खुर्चीला दांड्याच नाहीत. दांडी दिसली की लोक न विचारता ढकलतात, म्हणते, रस्ता ओलांडायच्या आधी कुणीतरी पुण्य कमावून टाकतं. ते खरं आहे, माझ्याही बाबतीत झालंय. एकदा तर एका गृहस्थाने मला जिथून मी आले होते तिथेच नेऊन सोडलं. पण चढ लागला की आई मागे येते आणि हात कुठे ठेवावा ते तिला कळत नाही. दांडी धरली की ती गप्पा मारायला लागते. माझ्या पडण्यानंतर आई फारशी बोलत नव्हती.

मी दुमडणाऱ्या दांड्या घेतल्या. ताई भेटली की आधी माझ्या मागे चक्कर मारते, दांड्या उघड्या दिसल्या तर काही न बोलता दोन्ही खाली पाडते. घरी आल्यावर आई त्या परत वर करते.