निगेटिव्ह रिपोर्टची फाईल बंद करू नका

होल जीनोमचा, म्हणजे आजारी मुलाच्या संपूर्ण डीएनएच्या तपासणीचा, रिपोर्ट निगेटिव्ह आला, म्हणजे आजाराचं कारण सापडलं नाही, की आईवडिलांचा चेहरा कसा पडतो ते मी इतक्यांदा बघितलंय की आता कागद हातात द्यायच्या आधीच बोलायला सुरुवात करते. मी जेनेटिक काउन्सेलर आहे आणि आज फक्त ह्या एकाच गोष्टीबद्दल लिहायचंय.

होतं काय, घरचे आधीच कित्येक वर्षं एमआरआय, ईईजी, मेटाबॉलिक टेस्ट करून दमलेले असतात, फाईल इतकी जाड की रबर लावून आणतात, आणि कुणीतरी सांगितलेलं असतं की ही शेवटची टेस्ट, ह्याच्यात सगळं कळतं. सगळं कळतं असं नाहीये. मशीन डीएनएची साधारण ३०० कोटी अक्षरं वाचतं, आणि कुणाच्याही जीनोममध्ये, अगदी तुमच्या माझ्यासुद्धा, ४०-५० लाख ठिकाणी फरक सापडतात, त्यातून आजाराचा एक किंवा दोन शोधायचे असतात. म्हणूनच आईवडिलांचंही रक्त घेतो, कारण दोघांकडून आलेलं वजा केलं की बाळात नव्याने झालेले जेमतेम ६०-७० बदल उरतात. आणि म्हणूनच डॉक्टरांनी फॉर्मवर काय लिहिलंय ह्याला फार महत्त्व आहे. नुसतं ‘डेव्हलपमेंटल डिले’ लिहून पाठवलं तर लॅबवाल्यांनी शोधायचं तरी कुठे? डोक्याचा घेर, फिट्स कधी सुरू झाल्या, बसायला कधी लागलं, हे सगळं लिहा हो, प्लीज.

आता मुद्द्याचं. आरएनयू४-२ नावाचा एक जीन आहे, फक्त १४१ अक्षरांचा, त्याच्यापासून प्रोटीन बनतच नाही. एक्झोम टेस्ट मुख्यतः प्रोटीन बनवणारा १-२ टक्के भाग बघते, त्यामुळे ह्याच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. २०२४ मध्ये इंग्लंडच्या एक लाख जीनोम प्रोजेक्टच्या डेटात शोधताना कळलं की ह्या एवढ्याशा जीनमधल्या बदलामुळे मुलांच्या वाढीवर गंभीर परिणाम होतो, आणि बऱ्याच मुलांमध्ये तर तेच एक जादा अक्षर घुसलेलं असतं. ज्यांचा जीनोम आधीच झाला होता त्यांच्या डेटात ते पहिल्या दिवसापासून होतं, फक्त वाचणाऱ्याला माहीत नव्हतं! मला हे वाचून रात्री झोप लागली नव्हती, जुन्या फाईली डोळ्यासमोर येत होत्या.

आजाराचं नाव कळून फायदा काय, असंही विचारतात. सॅन डिएगोच्या रेडी चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधली २०२१ ला छापून आलेली एक केस आहे. पाच आठवड्यांचं बाळ, रडणं थांबेना, मेंदूच्या स्कॅनमध्ये दोष, आधीचं एक भावंड तशाच त्रासात गेलेलं. जीनोमने एका दिवसाच्या आत थायमिन पेशीत न पोचण्याचा आजार सापडला, थायमिन आणि बायोटिन सुरू केलं आणि बाळ शांत होऊन दूध प्यायला लागलं. व्हिटॅमिनच होती ती. सगळ्यांच्या बाबतीत असं औषध नसतं, हे मी आधीच स्पष्ट सांगते, पण पुढच्या बाळंतपणाचा विचार करता येतो, नको त्या टेस्ट थांबतात.

आणि रिपोर्टमध्ये ‘व्हीयूएस’ असेल, म्हणजे अर्थ न लागलेला बदल, तर त्यावरून कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका.

निगेटिव्ह आला तर लॅबकडून डेटाच्या फाईल मागून घ्या आणि दोनेक वर्षांनी तोच डेटा परत वाचायला सांगा, सहसा नवीन रक्त द्यावं लागत नाही. मुलात काही नवीन दिसलं तर ते कळवा. मागच्या आठवड्यात एक आई मोबाईलवर व्हिडिओ घेऊन आली, मुलगी जेवताना डावा हात सारखा मनगटातून वळवते, हे आधी नव्हतं. आम्ही दोघींनी तो चार वेळा बघितला, मी जसंच्या तसं लिहून घेतलं आणि तिच्या जुन्या डेटाबरोबर लॅबला पाठवलं. उत्तर अजून यायचंय.