घाटमाथ्यावर सुटणारे चाक

रविवारच्या सायकल शर्यतीत महिला गटाच्या पुढच्या बंचमध्ये (एकत्र चालणाऱ्या घोळक्यात) राहून मी संपूर्ण घाट चढले, आणि तरीही माथा ओलांडल्यावर थोड्याच अंतरात एकटी पडले. चढावरचे वॉट, म्हणजे पेडलवर लावलेली शक्ती, वाढल्याचे मागच्या नोंदीत लिहिले होते. ते खरोखरच वाढले आहेत आणि माथ्यावर हृदयगतीही आटोक्यात होती, त्यामुळे या वेळी दमाकडे बोट दाखवता येत नाही. चढावर मागे पडणे समजू शकते. चढ संपल्यावर मागे पडणे मात्र फार चीड आणणारे आहे.

घरी येऊन नोंदी तपासल्या, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. माथ्यावर कोणीही हल्ला, म्हणजे अचानक वेग वाढवून निसटण्याचा प्रयत्न, केलेला नव्हता. अंतर रस्त्याच्या उतारानेच निर्माण केले. चढावर ताशी १५ किलोमीटर वेगाने जाताना पुढच्या सायकलपासून एका सेकंदाचे अंतर म्हणजे जेमतेम चार मीटर. बंचच्या पुढच्या मुली माथा ओलांडून ताशी ३६ पर्यंत पोहोचल्या की तोच एक सेकंद दहा मीटरांचा होतो, आणि दहा मीटरांवर ड्राफ्टचा, म्हणजे पुढच्या सायकलच्या आडोशाने वारा कमी लागण्याचा, फायदा बराच कमी होतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात, म्हणून चढावर चार मीटर भरून काढणे जितके सोपे, तितकेच सपाटीवर दहा मीटर भरून काढणे महाग पडते. बंचच्या शेपटाला असलेली स्वार अजून चढत असते आणि पुढच्या जणी वेग घेऊ लागलेल्या असतात. नेमक्या त्या क्षणी मी गिअरशी झटत होते.

खरी गाठ येथे आहे. माझ्या सायकलीला पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चेनरिंग (५०-३४, म्हणजे कॉम्पॅक्ट) आणि मागे ११ ते २८ दात्यांच्या चक्रांची कॅसेट (११-२८) आहे. शेवटचा सौम्य टप्पा मी ३४-१९ वर (पुढे ३४, मागे १९) ताशी १८ च्या आसपास चढते, आणि माथ्यावर मोठ्या चेनरिंगवर जायचे म्हटले की गिअर एकदम ४७ टक्क्यांनी जड होतो. तो सांभाळण्यासाठी मागे दोन-तीन गिअर हलके करावे लागतात, पुढचा डिरेलर (चेन एका चेनरिंगवरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग) दाबाखाली चेन उचलायला वेळ घेतो, आणि दोन-तीन पेडल फुकट जातात. गिअरचे कोष्टक पाहताना लक्षात आले की ५०-२८ आणि ३४-१९ हे दोन्ही गिअर व्यवहारात एकच आहेत: दोन्हींचे गुणोत्तर १.७९. म्हणजे माथ्याच्या बरेच आधी, चढ सौम्य झाला की मागे २८ वरच राहून मोठ्या चेनरिंगवर जायचे, चेन तिरकी चालते हे काही सेकंद सहन करायचे, डावा लीव्हर ट्रिमवर (चेन घासू नये म्हणून डिरेलर किंचित सरकवणाऱ्या स्थितीवर) ठेवायचा, आणि माथ्यावर फक्त मागचे गिअर एकामागून एक जड करत जायचे. ‘मोठ्या-मोठ्यावर कधीही चालवू नये’ (पुढचे आणि मागचे दोन्ही सर्वांत मोठे चक्र एकत्र वापरू नये) हा नियम प्रवासासाठी योग्य आहे. शर्यतीतल्या दोनशे मीटरांसाठी तो पाळण्याचे कारण मला दिसत नाही.

पुरुषांच्या मोठ्या गटात मागे पडलेल्याला मागून येणारा दुसरा बंच सामावून घेतो. आमच्याकडे स्पर्धक इतक्या कमी असतात की एक चाक सुटले, म्हणजे पुढच्या सायकलमागची जागा गेली, की पुढचे चाक दिसतही नाही, आणि पुरुषांच्या चाकामागे ड्राफ्ट घेण्यास नियमाने मनाई. नंतर दोघी मागून आल्या, पण पुल कोण घेणार, म्हणजे पुढे राहून वारा कोण झेलणार, यावर एकमत होईपर्यंत पुढच्या जणी वळणाआड गेल्या. अर्थात पाठलागाचे गणित टोकियोच्या ऑलिंपिकमधल्या महिलांच्या रस्ता शर्यतीत जगातल्या सर्वोत्तम स्वारांचेही चुकले होते: व्यावसायिक करार नसलेली आना कीझेनहोफर पुढे निघून जाऊन जिंकली, आणि रौप्य मिळवणारी आन्नेमीक फान फ्लॉयटेन आपणच जिंकलो असे समजून हात उंचावत रेषा ओलांडून गेली. तिथे निदान कानात संघाशी बोलण्याचा रेडिओ नव्हता ही सबब होती. आम्ही तिघी तर एकमेकींना ऐकू येईल इतक्या जवळ होतो.

एक आनंद मात्र नोंदवलाच पाहिजे. चालत्या बंचमध्ये मी बाटली काढून, पिऊन, न पाहता परत ठेवली आणि सायकलची रेषा किंचितही हलली नाही. उतारावरही २८ मिलिमीटरच्या टायरांमध्ये हवा थोडी कमी ठेवल्याचा लाभ जाणवला. घट्ट फुगवलेल्या २५ च्या टायरांवर परतण्याचा माझा विचार नाही.

या हंगामात हलकी कार्बन चाके घेण्याचे ठरवले होते आणि ज्या दुकानात मी विचारले तेथे माझ्या प्रत्येक अडचणीवर तेच औषध सुचवले जाते. ती खरेदी आता पुढे ढकलत आहे. त्याऐवजी पुढच्या डिरेलरची केबल व तिचे आवरण बदलून, मर्यादा-स्क्रू (डिरेलर किती सरकेल ते ठरवणारे) नव्याने लावून घेईन. हे लिहिता लिहिता ११-३० कॅसेट बसवावी असाही विचार आला होता, परंतु त्यात ५०-३० ची जोड ३४-१९ आणि ३४-२१ च्या मधे पडते, म्हणून तूर्तास २८ च बरी. येत्या आठवड्यात पुण्याजवळच्या बोपदेव घाटात टेबल टॉप नावाच्या जागेच्या अलीकडे हा बदल पुन्हा पुन्हा करून पाहणार आहे, भिवरीकडे निघणाऱ्या रस्त्यावर समोरचा वारा असेल तर उत्तमच.

कॉम्पॅक्टवर दाबाखाली मोठ्या चेनरिंगवर जाताना ज्यांची चेन बाहेर पडली आहे, त्यांचे मर्यादा-स्क्रू घट्ट करूनच भागले का, हे कृपया कळवावे.