आमची वाटचाल : पेटीच्या आतून

मी तिसरीत असताना आबांनी पहिली तलवारपेटी बनवली, म्हणजे जादूच्या खेळात आत माणूस बसवून बाहेरून तलवारी खुपसतात ती पेटी, आणि त्या पेटीत सगळ्यात आधी मला बसवलं. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "पोरीला कशाला कोंडताय?" पण आत कोपर कुठं येतं, मान किती वळते, हवा कुठून येते हे बाहेर उभं राहून कळत नाही, असं आबांचं ठाम मत होतं. ते पेन्सिल घेऊन माझ्या कोपराभोवती, गुडघ्याभोवती प्लायवर रेघ ओढायचे. रेघेच्या आत तलवार यायची नाही. आज वर्कशॉप मी चालवते. पेटी, सुऱ्यांचं कपाट, डोकं उडवायची चौकट, काहीही असो, कामाची सुरुवात त्या रेघेपासूनच होते.

आबा मूळचे जादूच्या सामानातले नव्हेत. कोल्हापूरच्या तालमींना मर्दानी खेळाची हत्यारं करून द्यायचे. दांडपट्टा, बोथाटी, फरीगदका. शिवाजी उद्यमनगरात भाड्याचा गाळा, एक जुना लेथ, एक ग्राइंडर आणि भिंतीला टांगलेल्या कानशी, एवढीच दौलत. सरावाच्या पट्ट्याची धार बोथट करायची, पण फिरवताना पातं लवलं पाहिजे आणि वाजलंही पाहिजे. हे ज्याला जमतं त्याला बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकवता येतो आणि खेळणाऱ्याचं कातडंही वाचवता येतं. जादूच्या धंद्याला नेमकी हीच अक्कल लागते. आबांना ते तेव्हा माहीत नव्हतं.

माहीत करून दिलं ते मास्तरांनी. सांगलीकडच्या एका शाळेत ते चित्रकला शिकवायचे. पुण्याच्या जादूगार रघुवीरांचे प्रयोग बघून त्यांना जादूनं झपाटलं होतं. १९७९ च्या पावसाळ्यात ते एसटीनं आले, बगलेत गुंडाळी केलेला ड्रॉइंग पेपर. त्यांनी बाहेरून एक पेटी विकत आणली होती आणि प्रयोगात तिसरी तलवार अर्ध्यात अडकली होती. आत त्यांची भाची. मास्तरांनी तलवार सोडून दिली, पडदा पाडला आणि लोकांची हुर्यो ऐकून घेतली. आबा एवढंच म्हणाले, "जोर लावला न्हाईसा, हे झ्याक केलासा." तिथून पुढं दोघांचं जे जमलं ते आबा जाईपर्यंत. पेटीचे पैसे मास्तरांनी पगारातून दर महिन्याला दिले. एकही हप्ता चुकवला नाही.

ती तलवार का अडकली, हे जादूवाल्यांना वेगळं सांगायला नको. गणपतीच्या दिवसांत हवेत ओल असते. साधा प्लाय फुगतो, तलवार शिरायची खाच आवळते, तलवार कुरकुरते. समोर दोन हजार माणूस बसलेलं असतं, बँड वाजत असतो, आणि जादूगार दोन्ही हातांनी रेटतो. तेवढ्यात पातं वाकडी वाट धरतं. आमच्या धंद्यातले निम्मे अपघात या एका रेट्यात आहेत, हे मी इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगते. म्हणून आम्ही १८ मिमीचा मरीन प्लाय वापरतो, कापलेल्या कडांना आतूनसुद्धा पॉलिश पाजतो आणि प्रत्येक खाचेत पितळेचा गाइड बसवतो. गाइडमध्ये तलवार एकाच कोनात शिरते. मुठीखाली कॉलर वेल्ड केलेली असते, तिच्यापुढं ती जातच नाही. पेटीचं गुपित मी सांगणार नाही, ते ज्यानं मोल देऊन घेतलं त्याचं आहे. पण सुरक्षितता हे गुपित नव्हे, ती सगळ्यांना माहीत असलेली बरी.

तलवारीचं सांगते. पट्टी एमएसची, म्हणजे साध्या माइल्ड स्टीलची, ३ मिमी जाड. स्टेनलेस दिसायला देखणी, पण पातळ पत्रा घेतला की कड वस्तऱ्यासारखी होते. कापून आलेल्या पट्टीला बर असतो, म्हणजे कडेला उठलेली बारीक कुसं. आधी चौकोनी कानस, मग बारीक कानस, मग एमरी पेपर, मग बफ, शेवटी क्रोम. टोक लांबून अणकुचीदार दिसतं, हातात घेतलं तर करंगळीच्या नखाएवढं गोल. मग आईची परीक्षा. आई कापसाचा पुंजका घेऊन मुठीपासून टोकापर्यंत दोन्ही कडांवरून फिरवायची. एक तंतू जरी मागं राहिला तरी तलवार परत कानशीवर. पेटीच्या आतल्या बाजूला ती जुनी जॉर्जेटची साडी फिरवायची. बिजागरीचा एखादा स्क्रू अर्धा मिमी वर असला तरी साडी अडकायची आणि आई नुसती आबांकडं बघायची. आता तो कापूस माझ्या हातात असतो.

प्रत्येक मुठीवर आम्ही नंबर पंच करतो, तोच खाचेच्या आत. घालताना एकपासून, काढताना शेवटून. पेटी उघडण्याआधी बाहेरच्या स्टँडवर तलवारी मोजायच्या, मोठ्यानं. हे मोजणं प्रेक्षकांना खेळाचा भाग वाटतं. वाटू दे.

मास्तर वाचणारे होते. चहाला बसले की देशोदेशीच्या जादूगारांच्या गोष्टी सांगायचे. एप्रिल १९५६ मध्ये बंगालच्या जादूगार पी. सी. सरकारांनी बीबीसीवर करवतीचा खेळ केला. मुलीला मधोमध कापलं आणि ती उठून उभी राहायच्या आत कार्यक्रमाची वेळ संपली. मुलगी मेली असं समजून लोकांनी फोन करकरून तिथल्या लाइनी जाम केल्या. आबांना ही गोष्ट फार आवडायची. आतलं माणूस सुखरूप आणि बाहेर आकांत, यालाच ते कारागिरी म्हणायचे.

दुसरी गोष्ट आबा पोरांना बसवून ऐकवायचे. चंग लिंग सू या नावानं खेळ करणारा एक जादूगार होता, खरा अमेरिकन, नाव विल्यम रॉबिन्सन. बंदुकीची गोळी बशीत झेलायचा खेळ त्यानं वर्षानुवर्षं केला. २३ मार्च १९१८ ला लंडनच्या वुड ग्रीन एम्पायरमध्ये खरी गोळी छातीत शिरली, दुसऱ्या दिवशी तो गेला. चौकशीत निघालं ते असं. गोळी असलेल्या नळीत बार उडू नये अशी ती बंदूक केलेली होती. पण खेळ झाल्यावर ती बार उडवून मोकळी न करता तो दर वेळी मागून खोलून दारू आणि गोळी काढून घ्यायचा. तसं करून करून भाग झिजले, फटीत दारूची पूड साचत गेली आणि एका रात्री ठिणगी नको तिथं पोचली. आबा म्हणायचे, त्या बंदुकीला कुणी महिन्यातून एकदा नीट कापड मारलं असतं तर माणूस वाचला असता. बंदुकीचा खेळ आम्ही बनवत नाही. कितीही पैसे घेऊन या, नाहीच.

पुढची वीस-बावीस वर्षं काम सुरळीत चाललं. मी डिप्लोमा केला, लग्न गावातच झालं, गाळा स्वतःचा झाला.

मग २००३ चा गणपती आला.

त्याच्या आधी दोन वर्षं आमचा एक कारागीर सोडून गेला होता. सहा वर्षं आबांच्या हाताखाली शिकला, आईच्या हातचं जेवला. नाव लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. जाताना मापांच्या वहीची झेरॉक्स घेऊन गेला, हे नंतर कळलं. त्यानं स्वतःचं दुकान टाकलं आणि आमच्या निम्म्या किमतीत पेट्या द्यायला लागला. माप आमचंच, पण प्लाय १२ मिमी. पितळेचे गाइड गाळले, त्याऐवजी खाच रुंद कापली, म्हणजे तलवार अडायला नको. कॉलर नाही. तलवारी लग्नातल्या नवरदेवाच्या बाजारातून आणलेल्या, टोकासकट.

एका तालुक्याच्या गावी मंडळाच्या कार्यक्रमात पाचवी तलवार तिरकी गेली आणि आतल्या मुलीच्या दंडात शिरली. सात टाके पडले. हाड वाचलं, हे नशीब. दुसऱ्या दिवशी बातमी आली, त्यात "कोल्हापुरी पेटी" असे शब्द होते. कोल्हापुरी पेटी म्हटलं की तोपर्यंत सगळ्यांना आबाच आठवायचे.

दिवाळीपर्यंत अकरा ऑर्डरी रद्द झाल्या. काहींनी ॲडव्हान्स परत मागितला, आबांनी दिला. आबा त्या मुलीच्या घरीसुद्धा गेले. तिच्या आईनं दारातूनच परत पाठवलं. आबा तिथं उभं राहून सांगू शकले असते की पेटी माझी नव्हे. सांगितलं नाही. घरी येऊन म्हणाले, "माप माझंच हुतं की." बातमी छापणाऱ्यांना मी तीन पत्रं लिहिली, दोन्ही पेट्यांची मापं आणि फोटो जोडून. खुलाशाची एक ओळसुद्धा कधी आली नाही. वीस वर्षं उलटली तरी तो सल जात नाही.

फेब्रुवारीत लेथ विकला. टेंपोत चढवताना चार माणसं लागली. तो गेल्यावर फरशीवर तेलाचा काळा चौकोन उरला. आबा कितीतरी दिवस त्याच्या कडेनं वळसा घालून चालायचे, तिथं अजून लेथ उभा असल्यासारखे.

त्या उन्हाळ्यात मास्तर आले. तेव्हा ते रिटायर झाले होते. सोबत त्यांची १९७९ ची पेटी, सर्व्हिसिंगसाठी. तिला काहीही झालेलं नव्हतं. गावोगावचे पंचवीस-तीस जादूगार त्यांनी स्वखर्चानं एका हॉलमध्ये बोलावले आणि सगळ्यांच्या हातात आमच्या तलवारी दिल्या. "बोट फिरवा, मुठीखाली बघा, आता पेटीत हात घालून गाइड चाचपा." मग स्वतःच्या मुलीला पेटीत बसवलं. खेळ झाला, मुलगी बाहेर आली, आणि मास्तरांनी सगळ्यांसमोर पेटी उघडी ठेवून तिच्या कोपराभोवतीची पेन्सिलची रेघ दाखवली. जादूगारानं उघडी पेटी दाखवणं म्हणजे काय, हे या धंद्यातल्यांना कळेल. त्या दिवशी दोन ऑर्डरी मिळाल्या. दोनच. पण त्या दोनांवर आम्ही तगलो. पुढच्या वर्षी सेकंडहँड लेथ आणला, तो आबांनी त्याच चौकोनावर बसवला.

तो कारागीर अजून धंद्यात आहे. जाहिरातीत "मूळ कोल्हापुरी" असं लिहितो. लिहो.

आता वयाच्या हक्कानं नव्या मुलांना चार गोष्टी सांगते, राग मानू नका. पेटीत बसणारी मुलगी हीच खरी कलाकार, तिला मानधन देताना हात आखडू नका. काचेच्या बांगड्या, गजऱ्याची पिन, लोंबती ओढणी घालून तिला आत पाठवू नका. आतून एक टकटक म्हणजे चालू दे, दोन म्हणजे थांब, हे ठरवून ठेवा आणि बँडवाल्याला आवाज कमी करायला सांगा, नाहीतर टकटक ऐकणार कोण? ती तापातून उठली असेल, अंग सुजलं असेल, तर त्या दिवशी कबुतरांचा खेळ करा. पेटीच्या किल्ल्या दोन, दुसरी विंगेतल्या माणसाच्या गळ्यात. चौकटीचं पातं प्रयोगाआधी दोडक्यावर चालवून बघा, एकदा नव्हे, तीनदा, आणि प्रेक्षकांतलं लहान पोर त्या चौकटीत कधीही बसवू नका. कपाखाली किंवा पिशवीखाली उभा खिळा लपवून बाकीचे कप, पिशव्या हातानं चेपायचा खेळ तर बंदच करा. २०१६ मध्ये पोलंडच्या टीव्हीवर जादूगारानं निवेदिकेचा हात कागदी पिशवीवर दाबला, ती पिशवी चुकीची निघाली, खिळा तळव्यात घुसला. जिथं सगळी भिस्त लक्षात ठेवण्यावर आहे, तो खेळ माणसाच्या हातावर करायचा नसतो.

टेंपोतून सामान नेताना कागद जवळ ठेवा. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्र नियमांच्या यादीत येतात आणि रात्री दोन वाजता नाक्यावरच्या हवालदाराला आपली तलवार बोथट आहे हे लांबून कसं दिसणार? निवडणुकीच्या दिवसांत आमच्या बारा तलवारी अशाच एका नाक्यावर सकाळपर्यंत अडकल्या होत्या. आता प्रत्येक संचाबरोबर आम्ही लेटरहेडवर लिहून देतो : नग किती, लांबी किती, धार नाही, टोक गोल.

आबा २००९ मध्ये गेले, मास्तर त्यांच्यामागून तीन वर्षांनी. मास्तरांच्या मुलीनं ती जुनी पेटी मला आणून दिली. आतली रेघ अजून दिसते. त्यांच्या भाचीची, त्यांच्या मुलीची आणि सगळ्यांत खाली माझी, नऊ वर्षांच्या कोपराची.

जुन्या गिऱ्हाइकांना एक विनंती. गणपतीच्या गर्दीत पेटी घेऊन धावत येऊ नका, आषाढ लागायच्या आत आणा. प्लाय फुगला आहे का, गाइड ढिला झाला आहे का, कॉलरचं वेल्डिंग तडकलं आहे का, ते बघून देऊ. आमच्या पेटीला तपासणीचे पैसे घेत नाही, दुसऱ्याच्या पेटीलाही नाही. येताना तलवारी सगळ्या आणा, एकही घरी ठेवू नका. आणि आत बसणाऱ्या मुलीला सोबत आणा, वर्षभरात तिचं माप बदललेलं असतं.