निकाल अपूर्ण : डीएलएडच्या मार्गदर्शनाचा माझा अनुभव

आमच्या विनाअनुदानित प्राथमिक शाळेतल्या दोन मॅडम पदवीधर, शिकवायच्याही मन लावून, पण डी.एड. दोघींचंही झालेलं नव्हतं. 2017 मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि सेवेतल्या अप्रशिक्षित शिक्षकांना अर्हता मिळवायला 31 मार्च 2019 ही शेवटची मुदत मिळाली. त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने, म्हणजे एनआयओएसने, अठरा महिन्यांचा डीएलएड (प्राथमिक शिक्षणाची पदविका) अभ्यासक्रम काढला. शाळेतलं मार्गदर्शन मुख्याध्यापकांनी माझ्याकडे सोपवलं.

नोंदणी, 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन शिक्षण पोर्टलवरचे व्हिडिओ, स्वाध्याय, लेखी परीक्षा हे सगळं रीतसर पार पडलं. अडलं ते प्रात्यक्षिकाच्या गुणांवर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटचा निकाल लागला तेव्हा दोघींचे लेखी विषय सुटलेले, पण प्रात्यक्षिकाच्या रकान्यात काहीच नाही. निकाल अपूर्ण. अभ्यासकेंद्रावर विचारलं तर "गुण वर पाठवलेत." पुन्हा गेलो तर "तुमच्या प्रात्यक्षिकाच्या फाइलीच जमा नाहीत." मग "ते काम बघणारे सर आता इथे नसतात." नुसती टोलवाटोलवी. इकडे संस्थाचालक रोज विचारणार, "प्रमाणपत्र कधी?" एक मॅडम तर स्टाफरूममध्ये रडल्या.

त्या फाइलींत काय होतं हे मला माहीत होतं, म्हणून जास्त चीड आली. तिसरीचा अपूर्णांकाचा पाठ आठवतो. मॅडमनी फळ्यावर वर्तुळ काढून अर्धा भाग रंगवला, "समजलं का?" विचारलं, वर्ग एका सुरात "हो!" मी मागच्या बाकावर निरीक्षणाला बसले होते. शेजारच्या मुलाने वहीचं पान फाडलं, एक तुकडा तळहाताएवढा, दुसरा बोटाएवढा, आणि दोन्ही मला "अर्धा" म्हणून दाखवले. पाठ संपल्यावर मॅडमना ते तुकडेच दिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला कागदाची घडी घालून कडेवर कड जुळवायला लावली, मगच फाडायला दिलं. "समजलं का" तेव्हापासून बंद, त्याऐवजी "करून दाखव." हे सगळं पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, आणि माझ्या निरीक्षणात तारखेसह लिहिलेलं. आणि केंद्र म्हणतं, जमाच नाही!

सुदैवाने जमा करतानाच मी पोच घ्यायला लावली होती. केंद्रावरचे लोक तेव्हा वैतागले होते, "एवढा विश्वास नाही का?" तरी आवक क्रमांक, शिक्का, सही, तारीख, सगळं घेतलं. ती पोच टेबलावर ठेवली आणि आवक नोंदवही काढायला सांगितली. नोंद त्यांच्याच अक्षरात होती. तासाभराने दुसऱ्या शाळेच्या गठ्ठ्याखालून दोन्ही फाइली निघाल्या, दोरीसुद्धा सोडलेली नव्हती. म्हणजे कोणी उघडूनही पाहिलं नव्हतं. गुण भरले गेले, निकाल पूर्ण झाला. त्या दिवशी शाळेत परतल्यावर मी पहिल्यांदा शांत बसून चहा प्यायले.

नवीन शिक्षकाला सांभाळणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: फाइल द्यायच्या आधी प्रत्येक पानाची झेरॉक्स काढा. तोंडी "मिळालं" चालवून घेऊ नका. तक्रार लेखी द्या, तिचीही पोच घ्या. निरीक्षणात "पाठ चांगला झाला" एवढंच लिहिलं तर त्या शिक्षकाच्या हाती काहीच लागत नाही. मुलाने काय केलं ते लिहा. आणि हो, टाचण आदल्या दिवशीच बघा, पाठ झाल्यावर बघून उपयोग नाही.

एक राहिलंच. नेमणूक आदेश आणि पगाराच्या नोंदी अजिबात टाकून देऊ नका. नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम दोन वर्षांच्या डीएलएडशी समकक्ष नाही असं म्हटलं, तेव्हा आमच्या दोघी पुन्हा हादरल्या. डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की 10 ऑगस्ट 2017 रोजी सेवेत असलेल्या आणि 1 एप्रिल 2019 पूर्वी अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांची पदविका वैध आहे. त्या तारखेला तुम्ही नोकरीत होता हे कागदावरच दाखवावं लागेल, म्हणून दोघींचे आदेश आणि 2017 चा हजेरीपट आम्ही झेरॉक्स काढून त्याच फाइलीत लावले आहेत.