अकरा रकान्यांचा तक्ता

फुटबॉल संघाचा सामना-विश्लेषक म्हणून मी आजवर अनेक तुलना मांडल्या. परंतु जुन्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धच्या सामन्याला दोन दिवस उरले असताना प्रशिक्षकांनी माझा तक्ता वाचून टेबलावर पालथा ठेवला, तो दिवस मी विसरलेलो नाही.

मैदानावरील अकरा जागांसाठी मी त्यांचा आणि आमचा खेळाडू समोरासमोर ठेवून गुण दिले होते. बचावात्मक मिडफिल्डरच्या रकान्यात आमचा खेळाडू सरस ठरला होता, कारण दर 90 मिनिटांमागे त्याचे टॅकल, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पायातून चेंडू हिसकावण्याचे प्रसंग, अधिक होते. “त्यांच्याकडे चेंडू किती वेळ असतो?” एवढेच सरांनी विचारले. सामन्याचा जवळपास दोन तृतीयांश वेळ चेंडू त्यांच्या ताब्यात असे, आणि ज्याच्या संघाकडे चेंडू असतो त्याला टॅकल करण्याची वेळच कमी येते, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ताब्याच्या प्रमाणात आकडे पुन्हा काढले, तेव्हा क्रम उलटला. त्यांच्या स्ट्रायकरच्या गोलांतून पेनल्टी वगळल्यावर तोही आमच्या स्ट्रायकरच्या बरोबरीला आला. पेनल्टी चारांपैकी साधारण तीन वेळा गोल होतेच, त्यामुळे ती कोण मारतो यावरच पुष्कळ काही ठरते.

त्यांचा मुख्य सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, कार्डांमुळे निलंबित होता आणि त्याच्या बदली खेळाडूला मी जेमतेम अर्धा गुण कमी दिला होता. येथे सरांनी 8 जुलै 2014 च्या विश्वचषक उपांत्य सामन्याची आठवण दिली. ब्राझीलचा कर्णधार थियागो सिल्वा निलंबित होता, त्याच्या जागी आलेला दान्ते बायर्न म्युनिककडून खेळणारा कसलेला बचावपटू होता; पण त्या स्पर्धेतील त्याचा तो पहिलाच सामना होता, आणि जर्मनीने 29 मिनिटांत पाच गोल करून अखेर 7-1 असा विजय मिळवला. नेमारही जखमी होता, हे खरे. तरी आघाडीवीर नसल्यामुळे सात गोल बसत नाहीत, असे माझे मत आहे.

माझ्या तक्त्यात माणसे होती, जोड्या नव्हत्या. त्या रात्री मी त्यांचा बदली सेंटर बॅक आणि सतत पुढे धावणारा लेफ्ट बॅक (डावीकडचा बचावपटू) यांच्यामध्ये मोकळी पडणारी जागा दाखवणाऱ्या चित्रफिती कापत बसलो. गोलरक्षकांचा रकाना मात्र कोराच राहिला. दोघांवर आलेले फटके इतक्या वेगळ्या अंतरांवरून आले होते की गुण देण्याचे धाडस मला झाले नाही.